यश आणि हक्कसोड

निवृत्तीच्या समारंभात सत्कारमूर्तींचा परिचय करून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्या गळ्यात पडतं. कारण एवढंच, की मला लिहिता येतं असा लोकांचा समज आहे. हे परिचय लिहायला फार अक्कल लागत नाही. सत्कारमूर्तींकडून माहितीचा कागद मागवायचा, पदव्या, पदं आणि पुरस्कार सालवार लावायचे, अधूनमधून विशेषणं पेरायची आणि शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं. मागे एका गृहस्थांचा असाच दोन पानी परिचय मी वाचला. टाळ्या पडल्या. मग त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या एक बाई आयत्या वेळी बोलायला उठल्या. त्यांनी सांगितलं, की चार वर्षं दर गुरुवारी कामाची वेळ संपल्यावर हे गृहस्थ तासभर थांबायचे आणि त्यांना हिशेबाचं काम मुळापासून शिकवायचे. त्या जोरावर त्या परीक्षा पास झाल्या आणि दुसरीकडे वरच्या जागेवर निघून गेल्या. "मी गेल्यावर सरांचं किती अडलं, ते मला ठाऊक आहे," एवढं म्हणून त्या खाली बसल्या. दीड-दोन मिनिटांचं बोलणं.

समारंभ आटोपल्यावर मी त्या गृहस्थांना म्हटलं, "हे तुम्ही मला कळवलंच नाहीत." ते म्हणाले, "अहो, ते कशाला? ते काय कामात धरतात का?"

कामात धरतात का! या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. माणसाच्या आयुष्यातलं काय धरायचं आणि काय धरायचं नाही, हे कुणीतरी ठरवून ठेवलेलं आहे, आणि हातात कागद घेऊन उभा राहणारा मी ते निमूटपणे पाळतो आहे. पगार धरायचा, पद धरायचं, घर-जमीन उघडपणे धरायची नाही पण सगळ्यांच्या लक्षात राहील अशी सोय करायची. गुरुवारचे तास धरायचे नाहीत.

यशाची व्याख्या बदलली पाहिजे, पैशाऐवजी दातृत्व हे यशाचं माप झालं पाहिजे, असं हल्ली पुष्कळ लोक म्हणतात. दिशा मला मान्य आहे. पण जे माप सुचवलं जातं ते पारखून घेतलं पाहिजे. 'किती कमावलं' हा रकाना खोडून तिथे 'किती दिलं' असं लिहिलं तर काय होईल? श्रीमंतांच्या यादीच्या जागी दानशूरांची यादी येईल आणि वरची नावं फारशी हलणार नाहीत. ज्याच्याकडे डोंगर आहे त्याने त्यातली टोपलीभर माती दिली तरी ती दुसऱ्याच्या अख्ख्या अंगणापेक्षा जास्त भरते. म्हणजे शर्यत तीच, धावपट्टी तीच, फक्त शेवटच्या फितीचा रंग बदलला.

माझं म्हणणं असं, की दातृत्व मोजायचंच असेल तर दिलेली रक्कम मोजू नये, सोडलेला हक्क मोजावा. आपल्याकडे वाटणीच्या व्यवहारात हक्कसोड पत्र असतं. त्यावर सही केली की माणूस पुन्हा त्या मालमत्तेकडे बोट दाखवू शकत नाही. देण्याची कसोटी मला तिथे दिसते. दिल्यावर त्या गोष्टीवरचा ताबा सुटला का? नाव सुटलं का? घेणाऱ्याने आपल्याशी कसं वागावं याबद्दलची अपेक्षा सुटली का? यातलं काहीच सुटलं नसेल तर जे झालं ते दान असेल, चांगलंही असेल, पण त्याला यशाचं माप म्हणून वर चढवायची गरज नाही.

या विषयावर अँड्र्यू कार्नेगीला टाळून पुढे जाता येत नाही. स्कॉटलंडमधून अमेरिकेत आलेल्या गरीब विणकराचा हा मुलगा पोलादाच्या धंद्यात जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. १८८९ साली त्याने एक लेख लिहून मांडलं, की श्रीमंत म्हणून मरणं ही शरमेची गोष्ट आहे, संपत्ती हयातीतच लोकोपयोगी कामांत लावली पाहिजे. बोलला तसं वागलाही. १९१९ मध्ये तो गेला तोवर संपत्तीचा सुमारे नव्वद टक्के भाग देऊन झाला होता. त्याच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालयं उभी राहिली. यशाची नवी व्याख्या मागणाऱ्यांना याहून चांगलं उदाहरण कुठून मिळणार?

पण त्याच लेखानंतर तीन वर्षांनी, १८९२ च्या उन्हाळ्यात, पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड इथल्या त्याच्या कारखान्यात मजुरीवरून कामगारांशी तंटा झाला. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये होता. कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकने कारखान्याला टाळं लावलं आणि नदीवाटे होड्यांतून सुमारे तीनशे खाजगी शस्त्रधारी रक्षक आणवले. जुलैच्या सहा तारखेला काठावर दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. पुढे राज्याचं सैन्य आलं, संघटना मोडली, आणि कारखान्यात बारा तासांची पाळी रूढ झाली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच परिसरात कार्नेगीने दिलेलं ग्रंथालय उघडलं. त्यात संगीतसभागृह होतं, पोहण्याचा तलावही होता.

बारा तास भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी कोणतं पुस्तक उघडणार? हा प्रश्न काही मी पहिल्यांदा विचारत नाही, तिथले कामगार तेव्हाच विचारत होते. इमारत खरी होती, पुस्तकं खरी होती, आणि त्या कामगारांच्या मुलानातवंडांपैकी कितीतरी जण तिथे वाचायला शिकले असतील. ते मी नाकारत नाही. पण पाहा, कार्नेगीने काय दिलं आणि काय सोडलं नाही. पैसा दिला. कामगारांच्या मजुरीवर आणि वेळेवर जो हक्क त्याने बजावला होता, तो सोडला नाही. त्यांचा पैसा त्यांच्याकडे राहिला असता तर त्यांनी तो कदाचित ग्रंथालयावर खर्च केला नसता. चांगलं जेवले असते, मुलांना बूट घेतले असते. त्यांचं भलं कशात आहे हे त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, हे कार्नेगीचं गृहीतक होतं आणि तेवढं त्याने अखेरपर्यंत कुणाला देऊन टाकलं नाही.

मजा अशी, की ग्रंथालयांचं हे वेड त्याला लागलं ते दुसऱ्याच एका माणसामुळे. कार्नेगी तारघरात निरोप पोचवणारा पोरगा होता तेव्हा कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ आपल्या घरची सुमारे चारशे पुस्तकं दर शनिवारी काम करणाऱ्या मुलांसाठी खुली ठेवत. मुलं यायची, एक पुस्तक घेऊन जायची, पुढच्या शनिवारी बदलायची. एवढंच. आठवड्यातला एक दिवस, स्वतःचं कपाट आणि 'पुस्तक परत येईल का' ही काळजी बाजूला ठेवणं. कार्नेगीने पुढे कृतज्ञतेने त्यांचं स्मारक उभारलं. त्या दोघांत यशस्वी कोण, असं कुणाला विचारलं तर उत्तर एकच येईल. मला ते तितकं सोपं वाटत नाही.

'आधी मिळेल तसं मिळवू, मग भरभरून देऊ' हा युक्तिवाद कार्नेगीबरोबर संपला असता तर बरं झालं असतं. तो आपल्या काळात नव्या कपड्यांत आला. जास्तीत जास्त कमवायचं ते देण्यासाठीच, असं जाहीरपणे सांगणारा सॅम बँकमन-फ्रीड काही वर्षं परोपकाराचा तरुण चेहरा म्हणून मिरवला गेला. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याचं आभासी चलनाचं साम्राज्य कोसळलं, ग्राहकांचे पैसे परस्पर फिरवल्याचं उघड झालं आणि मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. देण्याला यशाचं माप केलं की मिळवण्याच्या वाटेवरचे डाग धुण्याचा साबण आयताच हाती येतो. म्हणून माझ्या हिशेबात क्रम ठाम आहे: आधी मजुरी चुकती, कर चुकता, ज्याचं त्याला दिलेलं. त्यानंतर दातृत्वाची गोष्ट. मराठीत 'देणं' या एकाच शब्दात दान आहे आणि कर्जही आहे. 'त्याचं देणं फार मोठं आहे' या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा हे मागचं-पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. दानशूराबद्दल ऐकतानाही मला मागचं-पुढचं ऐकायचं असतं.

आता चक फीनी. विमानतळांवर करमुक्त वस्तू विकणाऱ्या दुकानांचा धंदा त्याने भागीदारासह १९६० मध्ये सुरू केला आणि अमाप पैसा कमावला. १९८४ साली त्याने धंद्यातला आपला जवळपास सगळा हिस्सा गुपचूप एका धर्मादाय संस्थेच्या नावे करून टाकला. पुढे १९८८ मध्ये एका प्रसिद्ध मासिकाने त्याला अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंतांच्या यादीत घातलं. ज्या संपत्तीसाठी त्याचं नाव छापलं ती चार वर्षांपूर्वीच त्याची राहिली नव्हती! यश मोजणाऱ्यांची फजिती याहून सुरेख कुठे सापडायची नाही. देणग्या मिळालेल्यांना देणाऱ्याचं नाव कळत नसे. १९९७ मध्ये धंदा विकायच्या वेळी हिशेब उघड होणार हे दिसलं, तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. इमारतींना त्याचं नाव नाही. तो भाड्याच्या घरात राहिला, हातात प्लास्टिकचं स्वस्त घड्याळ, आणि २०२० मध्ये आठ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटून झाल्यावर त्याने संस्थाच बंद केली. २०२३ मध्ये तो वारला.

फीनीने रक्कम सोडली, नाव सोडलं आणि संस्था बंद करून पुढच्या पिढ्यांवर हुकूम चालवण्याचा हक्कही सोडला. माझ्या कसोटीवर तो कार्नेगीच्या बराच पुढे जातो. पण त्यालाही देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. त्याची संस्था बर्म्युडात नोंदलेली होती, आणि ती जागा निवडण्यामागे अमेरिकेतले माहिती उघड करण्याचे नियम टाळण्याचा हेतू होता. हाच पैसा सरकारकडे असता तर तो कुठे खर्च व्हावा हे मतदारांनी ठरवलं असतं, इथे ते एका भल्या माणसाने, कुणाला न कळता ठरवलं. भला होता हे आपलं नशीब.

अब्जाधीशांवर इतका वेळ घालवल्याबद्दल वाचकांची माफी मागतो. त्यांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात, कारण आकडे मोठे असतात. मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट इन्शुलिनची आहे.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये मधुमेहाने मरणाच्या दारात पोचलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. पहिल्या डोसाचा फारसा उपयोग झाला नाही, अर्क नीट शुद्ध नव्हता. तो शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिला आणि मुलाच्या रक्तातली साखर उतरली. तोवर हा आजार झालेल्या मुलांना उपाशी ठेवून थोडे महिने जास्त जगवणं एवढाच उपचार होता. म्हणजे हाती काय लागलं आहे याची कल्पना ते तयार करणाऱ्या संशोधकांच्या चमूला होती. त्यातल्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला विकलं. किंमत, प्रत्येकी १ डॉलर. दुसऱ्या कुणी पेटंट घेऊन औषध अडवून ठेवू नये म्हणून पेटंट घ्यायचं, आणि आपणही ते अडवू नये म्हणून सोडून द्यायचं, असा तो व्यवहार.

ही साधुसंतांची मंडळी नव्हती, हे मला यात सर्वांत आवडतं. बँटिंग तापट, श्रेयाच्या बाबतीत हळवा. प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांच्याशी त्याचं वाकडं होतं, कॉलिपशी तर प्रकरण हातघाईवर गेलं. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं तेव्हा बँटिंग संतापला. बेस्टला डावललं म्हणून त्याने आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला जाहीर केला. मग मॅक्लाउडनेही आपला अर्धा वाटा कॉलिपला दिला. यात उदारपणा किती आणि एकमेकांना दाखवून देण्याची खुमखुमी किती, कोण सांगणार? मोठ्या मनाचा माणूसच मोठं काही सोडू शकतो असं आपण मानतो. इथे तीन भांडखोर माणसांनी, आपसांत धुसफुसत, एक प्रचंड संपत्ती सोडली. उदारपणा हा स्वभावाचा गुण असतोच असं नाही, तो एक निर्णय असू शकतो. सही करायची आणि मग भांडत बसायचं.

त्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शंभर वर्षांनंतर अमेरिकेत इन्शुलिन इतकं महाग झालं होतं की रुग्ण डोस पुरवून पुरवून वापरत होते. नव्या प्रकारच्या इन्शुलिनांवर नवी पेटंटं आली, बाजार मोजक्या कंपन्यांच्या हाती गेला. शेवटी २०२२ मध्ये कायदा करावा लागला आणि २०२३ पासून तिथल्या सरकारी विम्यातल्या वृद्धांसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. एका पिढीने सोडलेला हक्क पुढच्या पिढीतल्या दुसऱ्याच कुणी उचलला. औदार्याला नियमाचं कुंपण नसेल तर ते मोकळं सुटलेलं रान होतं, कुणीही येऊन चरावं असं. म्हणून वैयक्तिक दातृत्वाने सगळं सुधारेल असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कायदा, कर, सार्वजनिक व्यवस्था यांच्या जागी दान आणून बसवता येत नाही.

देण्याने माणूस सुखी होतो, म्हणून द्या, हा आणखी एक लोकप्रिय युक्तिवाद. त्याला आधारही आहे. २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर खर्चायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश निघाले, रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. छान आहे. पण या कारणाने दिलं तर सुखाची खरेदीच झाली ना? पैसे मोजले, समाधान घरी आणलं. घेणारा माणूस मध्ये निमित्तमात्र. मला वाटतं देण्यासारख्या काही गोष्टी देताना सुख होत नाही. चांगला शिकवून तयार केलेला माणूस सोडून जातो तेव्हा त्या गृहस्थांना काही आनंदाचं भरतं आलं नसणार.

दातृत्वाच्या आड खरोखर काय येतं, याचा मला पटलेला पुरावा वेगळ्याच प्रयोगात आहे, आणि त्यात पैसा नाहीच. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण करायचं. काहींचा विषय होता, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या भल्या शोमरोनी माणसाची बायबलमधली गोष्ट. निघताना काहींना म्हटलं, 'अजून वेळ आहे, पण निघायला हरकत नाही.' काहींना, 'आता निघा.' आणि काहींना, 'अहो, तुम्हाला उशीर झालाय, ते वाट बघतायत.' वाटेवर एका दारात एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत पडलेला. अर्थात तो प्रयोगातलाच.

ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यातले १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण तर वाटेतल्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेले.

ते विद्यार्थी वाईट नव्हते. त्यांची कुणीतरी वाट पाहत होतं, एवढंच. आणि आपल्या काळातल्या यशस्वी माणसाची ओळख हीच, की त्याची कुणीतरी कायम वाट पाहत असतं. 'श्वास घ्यायला फुरसत नाही' हे आपण तक्रारीच्या सुरात सांगतो आणि ऐकणारा ते बिरुद म्हणून ऐकतो. मोकळा दिसणारा माणूस कसा, तर 'सध्या काय, रिकामाच.' म्हणजे आजच्या यशाची व्याख्या नुसती पैशाला वर ठेवत नाही, थांबता येण्याची क्षमताच काढून घेते. वर्षाच्या शेवटी देणगीचा धनादेश फाडून हे भरून येत नाही. घाईतला माणूस पैसे देऊ शकतो, दर गुरुवारी तासभर थांबू शकत नाही.

इथे मला एक मोठी धास्ती वाटते, ती सांगतो. 'देण्यातच यश' हे वाक्य काही लोकांना पिढ्यानपिढ्या ऐकवलं गेलं आहे. घरात राबणाऱ्या बाईला. आजाऱ्याची उस्तवार करता करता स्वतःचं शिक्षण, नोकरी सोडणाऱ्या मुलीला. ती त्यागमूर्ती, ती घराचा आधार, तिचं कौतुक शब्दांनी भरपूर. तिला कुणी विचारलं नव्हतं. दातृत्वाला यशाचा मान देताना आपण तिच्याच गळ्यात आणखी एक हार घालून तिला तिथेच बसवून ठेवणार असू, तर ही नवी व्याख्या जुन्या बेडीला दिलेला मुलामा आहे. हक्क सोडायचा तर आधी तो हातात असावा लागतो. 'नाही' म्हणायची मुभा ज्याला नाही त्याच्या देण्याला औदार्य म्हणणं ही सरळ चोरी आहे. तिच्या बाबतीत यश म्हणजे कदाचित पहिल्यांदा स्वतःसाठी काही ठेवून घेणं असेल.

तसंच गरजेचं. महिन्याची तोंडमिळवणी होत नाही अशा माणसाला 'पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे' सांगणं हा भरल्या पोटाचा उद्धटपणा आहे. त्याच्यासाठी पैसा म्हणजे झोप, औषध, मुलाची शाळा. हे सगळं बोलणं त्यांच्यासाठी आहे ज्यांचं 'पुरेसं' कधीच मागे पडलं आहे आणि तरी थांबायचं कुठे ते ठरत नाही.

ओसिओला मॅकार्टी यांची गोष्ट सांगताना म्हणूनच मी चाचरतो. मिसिसिपीतल्या या कृष्णवर्णीय बाई सहावीत शाळा सुटल्यापासून लोकांचे कपडे धुऊन जगल्या आणि १९९५ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, आयुष्यभर साठवलेल्यातले दीड लाख डॉलर त्यांनी गावातल्या विद्यापीठाला गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिले. ऐकून डोळ्यांत पाणी येतं, आणि तिथेच सावध व्हायला हवं. त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला १९६५ साल उजाडलं होतं. तरुणपणी त्यांना त्याच्या दारात कुणी उभं केलं नसतं. त्यांचं दान मोठं आहेच. पण ते सांगताना त्यांच्याकडून आधी काय हिरावलं होतं हे गाळलं, तर आपण त्यांच्या उदारपणाचा उपयोग स्वतःला माफ करण्यासाठी करतो.

आता कुणी म्हणेल, ही अट, ती अट, मग राहिलं काय? राहिलं पुष्कळ. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन. १४ व्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली, परक्यांच्या रक्तावर वाचले. १८ पूर्ण होताच १९५४ मध्ये रक्त द्यायला लागले. त्यांच्या रक्तात एक दुर्मीळ प्रतिपिंड भरपूर असल्याचं पुढे कळलं. आईचा आणि पोटातल्या बाळाचा रक्तगट विशिष्ट प्रकारे जुळत नसेल तर आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करतं, तो टाळणारं इंजेक्शन त्या प्रतिपिंडापासून बनतं. मग ते प्लाझ्मा देत राहिले. २०१८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी नियमाने थांबवलं तोवर १,१७३ वेळा. त्या काळात या औषधाने सुमारे २४ लाख बाळं वाचली असा अंदाज आहे. अर्थात हे एकट्याचं काम नव्हे, इतर दाते होते, डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या. त्यांना सुईची भीती वाटायची. टोचताना ते कधीच हाताकडे बघत नसत.

नोकरी, रेल्वेत कारकून. माझ्या पद्धतीने त्यांचा परिचय लिहिला असता तर पाच ओळींत आटोपला असता.

सार्वजनिक पातळीवर काय करावं याची लांबलचक योजना माझ्याकडे नाही. दोन-तीन गोष्टी मात्र आजच करता येण्यासारख्या वाटतात. देणगीदाराचं नाव इमारतीला देण्याआधी त्याच्याकडे कुणाची मजुरी, कुणाचा कर थकला नाही ना हे विचारायला कुठलीच परवानगी लागत नाही. बढती ठरवताना 'यांनी किती माणसं तयार केली आणि त्यातली किती पुढे गेली' हा प्रश्न कामाच्या कागदावर छापता येतो. आज तर उलट, माणसं सोडून गेली की ते अपयश धरलं जातं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या होत्या. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नसतो, ती वरून दुसरी. सर्वांत वरची पायरी कुठली, तर समोरच्याला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये. म्हणजे त्याला आपलीही गरज उरू नये. गुरुवारी थांबणाऱ्या त्या गृहस्थांनी मायमोनिडीजचं नाव ऐकलं असण्याची शक्यता फार कमी.

परिचयाची कामं माझ्याकडे अजून येतात. माहितीच्या कागदाबरोबर मी आता एक प्रश्न पाठवतो: तुमच्यामुळे कुणाकुणाला तुमची गरज उरली नाही? गेल्या खेपेच्या सत्कारमूर्तींनी तो वाचून फोन केला आणि हे पुरस्कारांत लिहायचं की इतर माहितीत, असं विचारलं. मी म्हटलं, कुठेही लिहा. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आठवून सांगतो." कार्यक्रम परवा आहे. अजून त्यांचा फोन आलेला नाही, आणि परिचयाच्या सुरुवातीची एक ओळ मी कोरी ठेवली आहे.